यांना मुलगी नाही का?

३ मार्च

भिंगरे,

पाकीट बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोनवर बोलता येत नाही म्हणून लिहितेय. फोन आमच्यात एकच, तो तुझ्या बाबांच्या खिशात, आणि त्या नंबरवरून आला की तू उचलत नाहीस. उचललास तरी मी बोलणार कुठे? दादाच्या घरात दोन खोल्या आणि एक हॉल, आणि भिंती अशा की पलीकडे कोणी कूस बदलली तरी अलीकडे कळतं. तेव्हा दुपारी घर रिकामं झालं की ओट्यावर कागद ठेवून उभ्याउभ्या लिहीत जाईन. टेबल आहे, पण त्यावर सूनबाईचं ऑफिस मांडलेलं असतं. आज ती बाहेर गेलीय, तरी तिच्या खुर्चीत बसायला मला धीर होत नाही.

आम्ही अगदी मजेत आहोत. हॉलमध्ये झोपतो. दादाचा सोफा उघडला की त्याचा पलंग होतो. मधली लोखंडी दांडी बरोबर माझ्या कमरेखाली येते. हे म्हणतात, जरा सरक. सरकले की ती यांच्या कमरेखाली जाते. मग हे म्हणतात, होतीस तिथेच बरी होतीस. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या सोफ्यांना गाद्या भरल्या आणि शेवटी नशिबात ही दांडी आली. अति झालं आणि हसू आलं, दुसरं काय.

दुकान बुडालं तेव्हा पहिली तूच धावलीस, हे मी विसरलेले नाही. घराची किल्ली पाठवलीस, वर चिठ्ठी, खोली रिकामी केली आहे, दोघंही या. आणि यांनी काय केलं? किल्ली उलटटपाली परत. "तिच्या घरी राहायला गेलो की सहा महिन्यांत टीव्हीवर दिसू," म्हणाले. "घरातलं धुणं लोकांपुढे वाळत घालून पोट भरणारी पोर ती." हेच वर फोन करून तुलाही ऐकवलं. तू म्हणालीस, ठीक आहे, आता बाबा स्वतःच्या पायाने येतील तेव्हाच, मी बोलावणार नाही, फोन करणार नाही. आणि खाडकन ठेवून दिलास. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं, असे तुम्ही दोघं. मधे मी भरडली जातेय.

माझं मागणं सरळ आहे. मला तुझ्याकडे यायचंय. दांडी नसलेल्या पलंगावर झोपायचंय, आणि तुझ्याशी समोरासमोर भांडायचंय. यांना सोडून मी येणार नाही, आणि हे स्वतःहून उठणार नाहीत. एकदा फक्त तू म्हण, बाबा, या. तुझं काय जातं?

दूध उतू जायला आलंय. थांबते.

आई


१९ एप्रिल

भिंगरे,

उत्तर नाही. असू दे. बोलावणार नाही म्हणालीस, फोन करणार नाही म्हणालीस, लिहिणार नाही असं काही म्हणाली नव्हतीस, म्हणून रोज खाली जाऊन पेटीत डोकावते. जाहिराती येतात. एक दातांच्या दवाखान्याची होती, तीही अथपासून इतिपर्यंत वाचली.

तुझ्या बाबांचा पराक्रम सांगते. दादाचे साहेब जेवायला आले होते. दादाने यांना आधीच बजावलं होतं, बाबा, फक्त हवापाण्यावर बोला. बोलले बिचारे. पाऊस, थंडी, वारा, सगळं बोलून झालं. मग साहेब हात धुवायला उठले आणि यांनी त्यांची खुर्ची उचलून उलटी केली. तुला ठाऊक आहे, हे खुर्चीचं तोंड बघत नाहीत, पोट बघतात. पाठीवर साहेबांचा कोट होता, तो गेला सूपमध्ये. साहेब परत येतात तर खुर्चीचे चारही पाय वर, आणि हे तिच्या पोटात बोट खुपसून सांगतायत, "बघा, आत पट्ट्याच नाहीत. नुसता फोम! तुमच्या वजनाला फार तर या हिवाळ्यापर्यंत."

दादा पांढराफटक पडला. सूनबाई धावत ओट्यापाशी आली आणि माझ्या खांद्यात तोंड खुपसून हसली. गुणाची आहे गं ती. पण दादाला नाही हसू आलं. साहेब गेल्यावर म्हणाला, "बाबा, हे दुकान नाही." आवाज चढवला नाही, काही नाही. तेव्हापासून हे या घरात कशाला हात लावत नाहीत. पाण्याचा पेलासुद्धा कोणी दिला तर घेतात.

आणि आता रोज सकाळी डबा आणि हत्यारांची पिशवी घेऊन बाहेर पडतात. कुठे, तर म्हणे काम आहे. कसलं काम, तर म्हणे आहे. संध्याकाळी दादाच्या पाठोपाठ घरात येतात, दोघंही दमलेले.

या घरातला सोफा कसल्याशा रेक्झिनचा आहे, उकाड्यात अंगाला चिकटतो. परवा नात त्याच्या पाठीवर बोटाने नाव काढायला बघत होती, काही उमटेना. तेव्हा आपला दुकानातला हिरवा सोफा आठवला. यांनी घाईघाईत मखमल उलटी लावली होती, लव खालून वर. गिऱ्हाईक म्हणालं, नको, आणि तो सोफा आपल्याच गळ्यात पडला. शाळा सुटली की तू त्याच्यावर. पाठीवर बोटाने लिहिलं की लव मोडून अक्षर उमटून राहायचं. गिऱ्हाइकासमोर कुरकुर करायची नाही अशी तुला ताकीद होती, म्हणून कंटाळलीस की मुकाट्याने पाठीवर 'चला' लिहायचीस. हे वळून बघायचे, हात फिरवून पुसायचे, आणि शटर ओढायचे. मग दोघं हात झुलवत घरी. मी बोलावलं तर कधी वेळेवर आले नाहीत!

तोही लिलावात गेला, बाकीच्या मालाबरोबर. कुठल्यातरी जुन्या मालवाल्याने नेला असेल. जाऊ दे.

आई


१३ जून

अगं ए कार्टे!

काल संध्याकाळी सूनबाईने टीव्ही लावला, म्हणाली, नवी विनोदी मालिका आहे, आई, या बघायला. बघते तर काय, दोन म्हातारे, हातात बोचकी, मुलाच्या दारात उभे. मुलाचा चेहरा पडलेला. आत हॉलमध्ये सोफा, तो उघडला की पलंग, आणि मधे दांडी! म्हातारी म्हणते, सरका. म्हातारा सरकतो. म्हातारी म्हणते, होतात तिथेच बरे होतात. आणि मागून लोक खो खो हसतायत.

नावं बदललीस, धंदा बदललास, म्हातारा घड्याळजी केलास. म्हणून काय मी ओळखणार नाही? साहेब जेवायला येतात आणि घड्याळजी त्यांच्या मनगटावरचं घड्याळ काढून सूपच्या वाटीशेजारी उघडून ठेवतो! "तुमच्या घाईला हे फार तर हिवाळ्यापर्यंत," म्हणे. सूनबाई पोट धरून हसली. दादा तिच्याकडे बघत होता, मग माझ्याकडे बघितलं त्याने, मग पुन्हा टीव्हीकडे. त्याला कळलंय की नाही, देव जाणे.

माझं सगळं लक्ष यांच्याकडे. यांना कळलं तर माझी धडगत नाही, कारण पत्रं मी लिहिली, घरातलं धुणं मी पुरवलं. पण हे खुर्ची ओढून टीव्हीला नाक लावून बसले होते. चष्म्याचा नंबर वाढलाय बहुतेक. हसले नाहीत, चिडलेही नाहीत. एकदाच ओरडले, तो मुलाचं काम करणारा नट बूट घालून सोफ्यावर पाय वर घेतो तेव्हा. "पाय खाली घे, मेल्या!" आणि सगळं संपत आल्यावर सूनबाईला विचारलं, "यांना मुलगी नाही का?"

ती म्हणाली, "नाही बाबा, एकच मुलगा दाखवलाय."

"हं," म्हणाले. "बरं आहे, एक डोकेदुखी कमी."

शेवटी नावं यायला लागली तशी मी कपबशा गोळा करायच्या मिषाने टीव्हीसमोर जाऊन उभी राहिले. माझ्या पाठीमागून तुझं नाव वर सरकून गेलं, आणि यांना दिसलं नाही. दर शुक्रवारी आता कपबशा मीच उचलणार. या घरात मला एक काम कायमचं मिळालं, त्याबद्दल तुझे उपकार.

राग आलाय का विचारशील. आला होता, चांगला आला होता. पण उभ्याउभ्या विचार केला, म्हणजे पाकिटं उघडतेस तर! वाचतेस तर! नुसतं वाचत नाहीस, दांडी कमरेच्या कोणत्या बाजूला येते तेही लक्षात ठेवतेस. मग राग कुठे टिकतो.

फक्त एक सांग. आम्हाला घेतलंस, दादाला घेतलंस, सूनबाईला घेतलंस. स्वतःला का नाही घेतलंस?

आई


२ ऑगस्ट

भिंगरे,

तू उत्तर देत नाहीस असं आता कोणत्या तोंडाने म्हणू? मधल्या एका पत्रात लिहिलं की दादाला काही त्या दांडीचं सुचत नाही, आणि परवाच्या भागात तुझ्या मुलाने दांडीवर फळी ठोकली! दुसऱ्या दिवशी आमचा दादा फळी घेऊन हजर. कोणी सुचवलं असं दाखवलं नाही, उगाच शीळ घालत ठोकत होता. हे बाजूला उभे, हात पाठीमागे, जीव कासावीस. खिळे वाकडे जात होते ना!

तर पुढच्या वेळी त्या म्हातारीला बसायला एक खुर्ची मिळू दे. आणि सुनेला जरा बरी दाखव. आमची बघते, आणि मग दिवसभर विचारते, आई, मी अशी वागते का हो? नाही वागत. तिला दिवस गेलेत. कळलं तुला? तू पुन्हा आत्या होणार. नात खूश आहे. सगळेच खूश आहोत. फक्त हॉलमध्ये पाळणा कुठे राहील यावर कोणी बोलत नाही. दादा कधीकधी दारात उभा राहून डोळ्यांनी हॉल मोजतो आणि मला बघितलं की विचारतो, चहा घेणार, आई? जा असं कोणीही म्हणालेलं नाही. म्हणणारही नाहीत, पोरं चांगली आहेत. म्हणूनच अंगावर येतं गं. वाईट असती तर भांडून तरी निघता आलं असतं. माझी आता घाई आहे, समजून घे. बाळ यायच्या आत आम्हाला इथून मानाने उठायचंय.

आणि हे रोज जातात कुठे, त्याचा छडा लावला. परवा मागोमाग गेले. मोठ्या रस्त्यावर ते काचेचं फर्निचरचं दुकान आहे, तिथे. हे आत जातात आणि सोफ्यांवर बसतात. एकावर बसतात, हाताने दाबतात, मान हलवतात, उठतात, दुसऱ्यावर बसतात. जेवायच्या वेळेला बाहेर कट्ट्यावर डबा खातात, पुन्हा आत. मी काचेबाहेर उभी होते. तिथली पोरं फार चांगली आहेत, साहेब म्हणतात यांना, बसा म्हणतात. म्हणजे काही वाईट चाललेलं नाही. वेळ जातो माणसाचा.

हे मात्र टीव्हीवर आणू नकोस. बाकी काय वाट्टेल ते घे, माझी दांडी घे, माझे गुडघे घे. हे नको.

आई


२७ सप्टेंबर

आणलंस ना शेवटी.

नको म्हटलं होतं मी. घड्याळजी रोज मोठ्या घड्याळांच्या दुकानात जातो, एकेक घड्याळ कानाला लावतो, आणि मागून लोक हसतात. कशाला हसतात गं? म्हातारा माणूस वेळ काढतोय, त्यात हसायला काय आहे? मला कपबशासुद्धा उचलायचं सुधरलं नाही. हे खुर्चीत बसल्याबसल्या बघत होते. शेवटी त्या दुकानातली पोरगी त्याला आत बोलावते आणि चहा देते, तिथे कोणी हसलं नाही म्हणा. पण तोवर व्हायचं ते झालं होतं.

तेव्हापासून हे घराबाहेर पडलेले नाहीत. पिशवी सोफ्याखाली सरकवलीय. डबा भरून दिला तर म्हणाले, इथेच खातो. दिवसभर खिडकीशी बसतात आणि सूनबाईचं फोनवरचं काम सुरू झालं की बाथरूममध्ये जाऊन उभे राहतात, तिला अडचण नको म्हणून. मी दार वाजवलं तर म्हणाले, आहे मी, आहे.

म्हणत होते तसंच केलंस तू. घरातलं धुणं. आणि मी मूर्ख, टोपली भरभरून पाठवत होते, का, तर त्या निमित्ताने लेक आपल्याशी बोलते म्हणून. आता नाही लिहिणार. तुझी मालिका तू बघ, माझा म्हातारा मी बघते.

आई


२१ ऑक्टोबर

भिंगरे,

नाही लिहिणार म्हणाले होते. बोलले ते गिळते. पण आज लिहिलं नाही तर पोट फुगून मरेन.

आधी एक गोष्ट सरळ करते. त्या दुकानातली पोरं यांना साहेब म्हणतात असं लिहिलं होतं, ते खोटं होतं. मी काचेबाहेर उभी होते तेव्हा एक टायवाला आला आणि यांच्या शेजारच्या सोफ्यावर 'कृपया बसू नये' अशी पाटी ठेवून गेला. हे उठून पुढच्यावर गेले, तर तिथेही पाटी. तरी रोज जात होते, जिथे पाटी नाही तिथे बसत होते. तुला तसं लिहवेना म्हणून साहेब घातलं. आणि तुझा तो भाग लागला त्याच दिवशी सकाळी त्या टायवाल्याने यांना दारातूनच परत पाठवलं. यांनी घरात सांगितलं नाही. म्हणजे घरी बसले ते तुझ्यामुळे नाहीच! मी मात्र सगळं तुझ्या माथ्यावर फोडून मोकळी झाले.

हे कळलं कसं, ते ऐक. परवा दुपारी घरात आम्ही दोघंच. मला राहवलं नाही. म्हटलं, अहो, एक सांगायचंय, ओरडू नका. ती मालिका आहे ना, ती तुमच्या लेकीची आहे. आणि तिला सगळं मी लिहून पाठवते.

म्हणाले, "ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. तू कपबशा घेऊन उभी राहतेस ते काय मला कळत नाही? तुझ्या दोन्ही बाजूंनी टीव्ही दिसतो."

मी म्हटलं, मग बोलला का नाहीत? नाव वाचलं होतं का तुम्ही?

"नावाची काय गरज," म्हणाले. "सोफा आपला आहे."

भिंगरे, मी इतके महिने तोच सोफा बघतेय आणि मला दिसला नाही! वर चादरी, उशा, मधे नट बसलेले. मला वाटायचं, यांचा नंबर वाढलाय म्हणून टीव्हीला नाक लावतात. हे म्हणाले, नीट बघ, कोणी टेकून उठलं की पाठीचा ठसा तसाच राहतो, लव उलटी आहे. एक मखमल उलटी लावली आयुष्यात, ती मी ओळखणार नाही? लिलावानंतर यांनी त्या जुन्या मालवाल्याला गाठलं होतं, म्हणे, हिरवा कोणाकडे गेला ते विचारायला. तो म्हणाला होता, कोणी बाई आली होती, टेंपो घेऊन, भाव न करता उचलला. तेव्हापासून यांच्या मनात होतंच.

मी विचारलं, मग पलंगाची दांडी कुठून आली त्याच्यात? तर म्हणाले, दांडी दाखवतात तेव्हा दुसरा सोफा असतो, रेक्झिनचा. "दोन सोफे आहेत त्यांच्याकडे, तुला काही म्हणजे काही दिसत नाही."

मग मी त्या घड्याळांच्या भागाचं विचारलं. वाईट वाटलं का? म्हणाले, "मला वाटलं, आता त्याला हाकलणार. नाही हाकललं तिने. चहा दिला." आणि मग तो टायवाला, पाट्या, सगळं बाहेर पडलं. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसले, आणि तेवढ्यात सूनबाई परत आली, तिचं ऑफिस सुरू व्हायची वेळ झाली, तर हे सवयीने बाथरूमकडे निघाले. मी म्हटलं, बसा इथे. अडचण झाली तर होऊ दे.

मग जायचं का तिच्याकडे, असं विचारलं मी. सरळ विचारलं. म्हणाले, "कोणत्या तोंडाने? मीच तिला नाही ते बोललो. आणि त्या घरात मुलगी नाहीच आहे. बघतोय ना मी दर शुक्रवारी."

म्हणजे मी जे तुला विचारलं तेच यांनाही टोचतंय. तू स्वतःला घेतलं नाहीस, त्याचा यांनी असा अर्थ लावलाय.

जाहिरातीत सांगतात की मालिका पुढच्या महिन्यात संपणार. शेवट काय करणार आहेस, मला नको सांगूस. पण हे बघणार आहेत. खुर्ची पुढे ओढून बघणार आहेत.

आई


२१ नोव्हेंबर

भिंगरे,

काल सगळे बसलो होतो. दादा लवकर आला होता. सूनबाई उशीला टेकून, तिला आता फार वेळ बसवत नाही. नात यांच्या पायाशी. मी यांच्या मागे उभी.

मुलाला मोठं घर मिळालं, सामान निघालं. एकेक वस्तू बाहेर गेली, म्हातारा-म्हातारी सगळ्यांत शेवटी, भांडत, कोणाच्या हातात घड्याळ द्यायचं यावरून. लोक हसले. दार बंद झालं. मला वाटलं, संपलं, हे काय बाई, आमचं काहीच नाही यात. कपबशांना हात घातला.

पण नावं आली नाहीत. रिकामा हॉल, आणि त्यात सोफा तेवढा राहिलेला. उशा नाहीत, चादर नाही. हिरवा. तेव्हा मला दिसला गं, दुकानात होता तसाच दिसला. हसण्याचे आवाज थांबले होते. आणि पाठीवर बोटाने लिहिलेलं.

नातीने एकेक अक्षर लावत वाचलं. "च... ला. चला! आजोबा, हे कोणी लिहिलं?"

हे म्हणाले, "त्यांच्या मुलीने."

"यांना मुलगी आहे?"

"आहे तर," म्हणाले. "त्या सोफ्यावरच वाढली."

मग उठले, टीव्हीपाशी गेले आणि काचेवरून हात फिरवला. डावीकडून उजवीकडे, दुकानात पुसायचे तसा. पुसलं गेलं नाही अर्थात. मग नावं आली. मी मधे उभी नव्हते. यांनी तुझं नाव मोठ्याने वाचलं, आडनावासकट, आणि दादाला म्हणाले, "माझंच लावते अजून." दादा रडत होता. मला वाटत होतं त्याला काही ठाऊक नाही. सूनबाई म्हणाली, आई, आम्हाला पहिल्या भागापासून माहीत आहे. घ्या! म्हणजे या घरात झाकली मूठ एकट्या माझीच होती, आणि तीही सगळ्यांना दिसत होती.

हे खाली वाकले, सोफ्याखालून हत्यारांची पिशवी ओढली. माझ्याकडे बघून म्हणाले, "चला."

म्हटलं, "अहो, आत्ता कुठे?"

"दुकान बंद झालं. आता घरी," म्हणाले.

पिशवीच्या तळाशी हात घालून त्यांनी एक फडक्याची पुरचुंडी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. उघडली तर किल्ली. तुझी. वर तुझी चिठ्ठी तशीच गुंडाळलेली. परत पाठवलीच नव्हती त्यांनी! रोज डब्याबरोबर घेऊन फिरत होते, त्या काचेच्या दुकानातसुद्धा.

आणि तुला तर ठाऊकच होतं. मी पहिल्याच पत्रात लिहिलं की किल्ली परत केली, आणि तुझ्याकडे ती आलीच नव्हती. एका शब्दाने बोलली नाहीस. सोफा उचलून आणलास, आणि वाट बघत बसलीस. मी वर्षभर तुम्हा दोघांच्या मधे पूल बांधतेय, आणि तुम्ही खालून कधीचे चालत गेलात.

मला राग आलाय. पोचल्यावर सविस्तर भांडेन, तयारीत राहा.

दादा तिकिटं काढून आला. आत्ता आमची बॅग भरतोय, आणि वरचेवर डोळे पुसतोय. पाळणा कुठे राहील ते नात यांना दाखवत होती, तर यांनी त्या पलंगावरची फळी उचकटली, खिळे सरळ केले आणि नीट ठोकून दिली. हात लावला एकदाचा घरातल्या वस्तूला. ठोकताना फळीचं दुसरं टोक दादाने धरलं होतं.

हे पत्र आमच्या आधी पोचेल की नंतर, सांगता येत नाही. यांनी मुद्दाम लिहायला सांगितलंय म्हणून लिहिते. म्हणाले, तिला लिही, बेल वाजणार नाही. दार उघडायला उठू नकोस म्हणावं, बस तिथेच. किल्ली आहे माझ्याकडे.

आई